खाडीच्या तोंडाशी बोट दरवर्षी नव्या जागी का टेकते?

तक्रार ठरलेली आहे. मे अखेरीला ज्या वाटेने बोट आत आणली आणि वर ओढली, त्याच वाटेने नारळी पौर्णिमेनंतर बाहेर काढायला गेलं की तळ घासतो. मग कोणीतरी म्हणतं, गाळ काढा. गाळ निघतो, फोटो निघतात, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तळ घासतो. देवबागच्या संगमावर जा, देवगडला जा, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर जा, जेटीवर पाच मिनिटं उभं राहिलं की हेच ऐकू येतं.

माझी अठ्ठावीस फुटी फायबरची बोट आहे. ती तीनदा रुतली आहे. पहिल्या दोन वेळी मी वाळूला शिव्या घातल्या. तिसऱ्या वेळी भरतीची वाट बघत चार तास बसून राहिलो, तेव्हा लक्षात आलं की आपण दरवेळी वेगळ्याच दुखण्याला तेच औषध देतोय. खाडीच्या तोंडाचा वाळूचा दांडा म्हणजे रस्त्यात पडलेला दगड नव्हे, की उचलला आणि वाट मोकळी झाली. तो लाटा आणि खाडीचं पाणी यांच्या रेटारेटीत त्या महिन्यापुरता ठरलेला बांध आहे. रेटा बदलला की बांध सरकतो. त्यामुळे आधी बघायचं ते कोणाचा रेटा बदलला हे.

वाळू वाढली, की मुळात पाणीच कमी होतं?

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. उधाण आणि भांग हा फरक आजा-पणज्यांना तोंडपाठ होता, आता मोबाईलवर भरतीची वेळ बघतात आणि उंची बघतच नाहीत. आमच्या मालवणच्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती आणि सुकतीत, म्हणजे ओहोटीत, साधारण दोन मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो निम्म्यावर येतो. म्हणजे भांगाच्या सुकतीला जेवढं पाणी तोंडावर उरतं, त्याहून उधाणाच्या सुकतीला कितीतरी कमी उरतं. वाळूचा एक कणही हललेला नसताना अष्टमीला सहज गेलेली बोट पुढच्या अमावास्येला टेकते.

तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा जुना हिशोब अजून कामाचा आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. बंदरागणिक त्यात थोडा फरक पडतो, पण तक्ता हाताशी नसताना अंदाज येतो. एकच लक्षात ठेवायचं. उधाणाचं सगळ्यात मोठं पाणी बरोबर पौर्णिमेलाच येतं असं नाही, बहुतेकदा एक-दोन दिवस मागून येतं. सगळ्यात खोल सुकतीही तशीच मागून येते.

दुसरी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीस समुद्राची सरासरी पातळीच हिवाळ्यातल्यापेक्षा काही इंच खाली असते. तेवढ्याने बोट टेकणार नाही, पण आधीच काठावर असलेली बोट टेकायला चार इंच पुरतात. आणि आपण नेमके तेव्हाच बोटी बाहेर काढतो.

तर पहिली चाचणी ही. लांब बांबूला दर दहा सेंटिमीटरवर रंगाने खूण करा आणि तोंडावर जाऊन पाण्याची खोली मोजा. मोजताना घड्याळ बघून वेळ लिहा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून त्या वेळची पाण्याची उंची काढा आणि ती खोलीतून वजा करा. जे उरलं तो तुमच्या वाळूचा खरा आकडा, भरती-सुकतीचा त्यात संबंध नाही. समजा सकाळी अकराला बांबू २.४ मीटर दाखवतो आणि तक्त्यात तेव्हा पाण्याची उंची १.६ मीटर आहे. म्हणजे वाळू तक्त्याच्या शून्य पातळीच्या ०.८ मीटर खाली आहे. संध्याकाळची सुकती ०.३ मीटरची असेल तर तेव्हा तुमच्याकडे १.१ मीटर पाणी असेल. बोट ०.९ मीटर बसते म्हणून तुम्ही खूश व्हाल, पण अर्ध्या मीटरची लाट असली तरी दोन लाटांच्या मधल्या खळग्यात पाव मीटर पाणी जातं. उरलं ०.८५. बोट आपटणार.

हा एक आकडा दरवर्षी एकाच जागी, एकाच खुणेच्या रेषेत मोजून वहीत लिहिलात, तर तीन वर्षांत तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही पाहणीतून कळणार नाही. आमच्यात ही वही ठेवणारे दोघेच आहेत. बाकीच्यांच्या मते "औंदा लयच वाळू हा" एवढं पुरेसं असतं.

वाळू तिथेच का थांबते

आता समजा आकडा खरोखर घटला आहे. मग वाळू कुठून येते ते बघू.

सुकतीच्या वेळी खाडीचं सगळं पाणी अरुंद गळ्यातून जोरात बाहेर पडतं. बारीक वाळूचा कण हलवायला सेकंदाला वीस ते चाळीस सेंटिमीटरचा प्रवाह पुरतो, गळ्यात त्याहून कितीतरी जास्त असतो. म्हणून गळा खोल राहतो. पण तोंडातून बाहेर पडलं की पाणी दोन्ही बाजूंना पसरतं, वेग मरतो आणि बरोबर आणलेली वाळू तिथेच पडते. तोंडाच्या बाहेर चंद्रकोरीसारखा उथळ बांध तयार होतो तो असा. भरतीच्या पाण्याचंही तेच. आत शिरलं, पसरलं, वाळू टाकली. खाडीच्या आतले भाट, म्हणजे वाळूचे उथळ पट्टे, अशाने वाढतात.

नुसतं खाडीचं पाणी असतं तर हा बांध दूर समुद्रात ढकलला गेला असता. त्याला परत रेटतात त्या लाटा. आणि आपल्याकडे लाटांचं वेळापत्रक एकदम टोकाचं आहे. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा, खोल समुद्रात तीन-चार मीटर उंचीच्या तर नेहमीच्याच. त्या पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरची, वाळू ओरबाडून आत पाण्यात नेतात आणि किनाऱ्याला समांतर आडवा बांध घालतात. त्याच महिन्यांत नदीला पूर. कोकणातल्या नद्या जेमतेम शंभरेक किलोमीटर लांब, सह्याद्रीवरून घरंगळत येतात, आणि त्यांचं वर्षभराचं जवळजवळ सगळं पाणी याच चार महिन्यांत वाहतं. पुराचं पाणी तोंड धुऊन खोल करतं आणि वाळू बाहेर टाकतं, बाहेर लाटा ती अडवतात. दोन्ही रेटे आपापल्या शिखरावर असताना त्यांच्या मधोमध जो बांध बनतो, तोच आपल्याला ऑगस्टमध्ये भेटतो.

मग पाऊस थांबतो. नदी रोडावते. ऑक्टोबरपासून लांबून येणाऱ्या, ठेंगण्या, सावकाश लाटा तीच वाळू थोडी थोडी करून पुळणीवर परत आणून घालतात. मधूनच हिवाळ्यात अरबस्तानाकडे शमाल नावाचे वायव्येचे वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यावर तिरक्या येऊन वाळू दुसऱ्याच दिशेला ढकलतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुळण रुंद दिसते ती यामुळे. खाडीत तेव्हा नदीचं पाणी नावालाच, गळा उघडा ठेवायचं काम एकट्या भरती-सुकतीवर.

गोव्यात मांडवीच्या तोंडावरचा आग्वादचा वाळूचा बांध हे याचं सगळ्यात जुनं आणि नोंदलेलं उदाहरण. पावसाळ्यात तिथून जाणं धोक्याचं, म्हणून पोर्तुगीज काळापासून जहाजं त्या दिवसांत मुरगावकडे वळत. खनिजाचे बार्जही पावसाळ्यात मांडवीचं तोंड टाळून कुंभारजुवेच्या कालव्यातून झुआरीत उतरायचे आणि मग मुरगावला जायचे. शतकानुशतकं लोकांनी त्या बांधाशी भांडण न करता वाट बदलली. आपल्याकडे कालवा नाही, एवढाच फरक.

दांडा पुढे सरकतो आणि मग फुटतो

देवबाग ज्यांनी वरून पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, टोकाला संगम आणि पलीकडे भोगवे. पट्टी उत्तरेकडून दक्षिणेकडे बोटासारखी लांबलेली आहे. किनाऱ्यालगत वाहत आलेली वाळू टोकाला साचते, टोक पुढे जातं, आणि नदीचं तोंड त्याच्यापुढे पुढे ढकललं जातं.

अशा दांड्याला मर्यादा असते. तो जितका लांबतो तितका पाण्याला समुद्र गाठायला वळसा पडतो. मग एखाद्या मोठ्या पुरात, त्यात उधाण आणि लाटाही जोडीला आल्या तर, पाणी जवळची वाट काढतं आणि दांडा मधेच कुठेतरी फुटतो. नवं तोंड पडतं, जुनं हळूहळू बुजतं, तुटलेला तुकडा लाटांनी रेटत रेटत समोरच्या किनाऱ्याला जाऊन चिकटतो. की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे चक्र कुठे दहा वर्षांचं, कुठे पन्नास.

संगमावर जो वाळूचा भाट पर्यटकांना त्सुनामी आयलंड म्हणून दाखवतात, त्याच्याबद्दल २००४ च्या त्सुनामीत वर आला असं सांगितलं जातं. त्या त्सुनामीची नोंद मुरगावच्या भरतीमापकावर झाली हे खरं. पण नदी, दांडा आणि लाटा जिथे भेटतात तिथे भाट वर यायला त्सुनामी लागत नाही. एक चांगला पावसाळा पुरतो. नाव मात्र झकास आहे, धंद्याला बरं पडतं, त्यामुळे ते बदलायच्या भानगडीत कोणी पडू नये.

तुमचं दुखणं यातलं कुठलं?

वही तीन-चार वर्षांची झाली की चित्र दिसायला लागतं.

खोली दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात घटते आणि डिसेंबरपर्यंत आपोआप सुधारते, असं असेल तर ते ऋतुचक्र आहे. त्यावर पैसे खर्च करू नका. बोट दोन आठवडे उशिरा काढा, किंवा फक्त भरतीला काढा.

खोली साधारण तीच राहते पण खोल वाट दरवर्षी एकाच बाजूला सरकते, तर दांडा वाढतोय. इथे चूक खुणांची असते. देवळाचं शिखर आणि उंच माड एका रेषेत धरून आजोबा आत यायचे, म्हणून आपणही येतो. देऊळ तिथेच आहे, माडही आहे, वाट मात्र शंभर मीटर दक्षिणेला गेली. पक्क्या खुणांचा उपयोग वाट किती सरकली हे मोजायला करा. बोट चालवायला दरवर्षी नवे बांबू किंवा बोये लावा.

आता तिसरा प्रकार, आणि माझ्या मते कोकणात सगळ्यात जास्त दुर्लक्षित. वाट फारशी सरकत नाही, ऋतूप्रमाणे खालीवर होते, पण दर पाच वर्षांमागे गळाच अरुंद आणि उथळ होत चाललाय. अशा वेळी सगळे समुद्राकडे बघतात. उलट वळून खाडीकडे बघा.

१९३१ मध्ये मॉरो ओब्रायन या अमेरिकन अभियंत्याने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या खाड्यांची मापं मांडून दाखवलं की एका भरतीत खाडीत जितकं पाणी शिरतं, त्या प्रमाणात तोंडाचा आडवा छेद असतो. पुढे जगभर हे तपासलं गेलं आणि टिकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर गळा स्वच्छ ठेवणारा झाडू म्हणजे आत-बाहेर करणारं पाणी. झाडू लहान केलात की कचरा साचणारच.

हिशोब करून बघा. खाडीचं पाणी पसरतं ते क्षेत्र दोन चौरस किलोमीटर आणि भरती-सुकतीचा फरक दीड मीटर असेल, तर प्रत्येक भरतीला तीस लाख घनमीटर पाणी आत येतं आणि तेवढंच बाहेर जातं, दिवसातून दोनदा. आता त्यातलं अर्धा चौरस किलोमीटर कोणी बांध घालून, भराव टाकून, किंवा रस्त्याखाली दोन अरुंद नळे ठेवून तोडलं, तर साडेसात लाख घनमीटर पाणी कमी झालं. झाडूचा चौथा हिस्सा गेला. तोंडावर वाळू आणणाऱ्या लाटा मात्र तेवढ्याच आहेत.

खारबंदिस्तीबद्दल, म्हणजे बंधारा घालून खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देण्याबद्दल, बोलताना माझी जरा अडचण होते, कारण आमचंही खार बंधाऱ्यामागे शेत होतं आणि त्या भातावर घर चाललं. बंधारा घालणाऱ्यांनी काही चूक केली असं मी म्हणणार नाही. पण खाडीला त्याचा हिशोब द्यावा लागतो, आणि तो तोंडावर द्यावा लागतो, तीन-चार किलोमीटर लांब, जिथे दोन्ही गोष्टींचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. कांदळवन भरून केलेल्या प्लॉटबद्दल मात्र मला अशी काही अडचण होत नाही.

चौथा प्रकार ओळखायला सोपा. नवी जेटी, नवी लाटरोधक भिंत किंवा दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा झाला, आणि दोन-तीन वर्षांत एका बाजूला वाळू साचली, दुसऱ्या बाजूची पुळण खंगली. वाहत्या वाळूच्या वाटेत काहीही आडवं घातलं तर हेच होतं. गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर २००० साली जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज रुतलं आणि पुढे डझनभर वर्षं तिथेच पडून होतं. त्याच्या आडोशाला वाळू साचली आणि आजूबाजूचा किनारा कापला गेला. भिंत बांधायची म्हणून ते कोणी आणून ठेवलं नव्हतं, वाळूला त्याच्याशी काय देणंघेणं. बंधारा हवाच असेल तर आधी वर्षभर वाळू कुठून कुठे जाते ते मोजून घ्यायला हवं. आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासून पाण्याच्या अशाच कामांचा अभ्यास चालतो, बंदरांच्या आणि खाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यात लाटा सोडतात. ग्रामसभेत बंधाऱ्याचा ठराव मांडण्याआधी "अभ्यास कुठे आहे" एवढा प्रश्न विचारायला काहीच लागत नाही.

उपसा केला तरी परत का भरतं

आमच्याकडे एका वर्षी यंत्र आलं, वाट खणली, वाळू उचलून तोंडाच्या उत्तरेला पुळणीवर ओतली. पुळणही वाढेल, वाटही होईल, दोन पक्षी. ज्या बाजूने वाळू खाली येते त्याच बाजूला ती ओतली होती. पुढच्या नारळी पौर्णिमेला ती घरी परत आली. कंत्राटदाराचं नाव घेण्यात अर्थ नाही. आम्ही वीस जण काठावर उभे होतो, आमच्यातल्याही कोणाला तेव्हा ते सुचलं नाही.

शंभर मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि दीड मीटर खोल वाट काढायची तर साडेचार हजार घनमीटर वाळू हलवावी लागते. दहा घनमीटरचा डंपर धरला तर साडेचारशे खेपा. एवढं करून जो खड्डा तयार होतो तो वाळूच्या दृष्टीने सापळा आहे. आजूबाजूपेक्षा खोल, त्यामुळे तिथे प्रवाह मंद, त्यामुळे वाहत आलेला कण तिथेच पडणार. खाडीच्या पाण्याला जेवढी खोली पेलते त्याहून जास्त खणलं तर तो फरक समुद्र भरून काढतो. लवकर की उशिरा, एवढाच प्रश्न.

म्हणून उपसा करायचाच असेल तर तीन गोष्टी बघा. पावसाळ्याच्या तोंडावर नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा, निदान हंगामभर तरी वाट मिळेल. सुकतीचं पाणी स्वतः ज्या वाटेने जायला बघतंय त्याच वाटेत खणा, जेटीला सोयीची पडते म्हणून सरळ रेषेत नको. आणि वाळू ओतायची ती, टोक ज्या दिशेला सरकतंय त्या दिशेच्या पलीकडच्या किनाऱ्यावर.

त्याआधी अजून एक चाचणी, बिनखर्चाची. जे साचलंय ते वाळू आहे की चिखल? पारदर्शक बाटलीत मूठभर घाला, पाणी भरा, हलवा आणि उभी ठेवा. बारीक वाळूचा कण सेकंदाला साधारण दोन सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे वीतभर बाटलीत दहा-पंधरा सेकंदांत तळ गाठतो. पाणी तासाभराने, दुसऱ्या दिवशीही गढूळच असेल तर तुमचा त्रास लाटांनी आणलेल्या वाळूचा नाहीच. तो आतून, नदीतून किंवा खचलेल्या काठावरून आलेला गाळ आहे, आणि शांत पाण्यात, बहुधा जेटीच्या आडोशाला बसलाय. त्याचा उपाय वेगळा, तोंडावर खणून तो जाणार नाही.

उपग्रहाच्या फोटोंनी फसू नका

आता सगळेच फोनवर जुने नवे फोटो लावून दाखवतात, "बघा, भाट दुप्पट झाला." सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो २०१५ पासून फुकट मिळतात, दर पाचेक दिवसांनी नवा, दहा मीटरचा ठिपका दिसेल इतके स्पष्ट. लँडसॅटचे तर १९७० च्या दशकापासूनचे आहेत. चांगली सोय आहे. पण एक फोटो भरतीचा आणि दुसरा सुकतीचा असेल तर भाट दुप्पटच काय, दहापट दिसेल. फोटोची तारीख आणि वेळ बघा, तक्त्यातून त्या वेळची पाण्याची उंची काढा, आणि सारख्या उंचीचे, सारख्या महिन्याचेच फोटो शेजारी ठेवा. फेब्रुवारीची तुलना फेब्रुवारीशी. ढगांमुळे पावसाळ्याचे फोटो बहुतेक निरुपयोगी, म्हणजे जेव्हा सगळं घडतं तेव्हाच डोळे बंद. तिथे बांबूच कामाला येतो.

नाविक नकाशांचंही तसंच. डेहराडूनच्या नौदलाच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे उत्तम असतात, पण खाडीच्या तोंडावरची खोली ज्या वर्षी मोजली त्या वर्षाची असते. नकाशावर ते वर्ष आधी शोधा.

आज बोट काढायची आहे, तर

माझे काका तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, होते. कुठून जायचं म्हणून विचारलं की म्हणायचे, "वाळू खय हा ता माका विचारू नको, लाट खय फुटता ता बघ." याच्यामागे साधं गणित आहे. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत फुटते. मीटरभर उंचीची लाट जिथे पांढरी होते तिथे सव्वा मीटर पाणी आहे. शेजारी तीच लाट न फुटता आत जातेय, तर तिथे त्याहून जास्त आहे. काठावर उंच जागी उभं राहून दहा-पंधरा मिनिटं बघा, वाट समोर उमटते. अगदी शांत समुद्र असेल त्या दिवशी मात्र काहीच कळत नाही. माझी पहिली बोट अशाच आरशासारख्या पाण्यात टेकली.

जायची वेळ: भरती पूर्ण व्हायच्या आधीचा तास-दीड तास. टेकलात तरी पाणी अजून चढतंय, सुटाल. भरतीचं पाणी सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं, दोन मीटरच्या उधाणात त्या प्रत्येक तासाला अर्धा मीटर. पहिल्या आणि शेवटच्या तासाला जेमतेम वीतभर. सगळ्यात वाईट वेळ अर्ध्या सुकतीची. पाणी जोरात बाहेर, लाटा आत, दोघांची टक्कर बांधावरच. लाटा आखूड आणि उभ्या होतात आणि बाहेरून ते दिसतही नाही, कारण बाहेरून आत येणाऱ्याला लाटांची फक्त पाठ दिसते, फुटणारं तोंड नाही.

वारा नाही, आभाळ स्वच्छ, तरी तोंडावर लाटा फुटताहेत असं एप्रिल-मे महिन्यात झालं तर त्या दूर दक्षिण महासागरातून आलेल्या असतात. केरळात त्यांना कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादचं इन्कॉईस हे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र त्यांची सूचना आधी देतं, ती बघितल्याशिवाय निघू नका.

टेकलातच तर इंजिन लगेच बंद करा, नाहीतर गार करायच्या पाण्याबरोबर वाळू आत ओढली जाते आणि बोट सुटल्यावर वेगळाच खर्च उभा राहतो. आउटबोर्ड असेल तर पंखा वर उचला. सुकती चालू असेल तर हातात मिनिटं आहेत, तास नाहीत. माणसं आणि जाळी खोल पाण्याकडच्या बाजूला सरकवा, बोट हलकी करा, आलात त्याच दिशेने मागे ढकला. भरती चालू असेल तर घाई नको. नांगर खोल पाण्याकडे टाका, दोरी ताणून ठेवा आणि बसा. बोट लाटांना आडवी होऊ देऊ नका, आणि लाटांच्या उलट बाजूला, म्हणजे बोट ज्या अंगावर येईल तिथे, कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

यंदा आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुकतीला जाऊन सात बांबू रोवले. दिवाळी होईपर्यंत तिसरा आणि चौथा भोगव्याच्या बाजूला वीस पावलं हलवावे लागले. पाचवा अजून जागेवर आहे.